माप हललं

संग्रहालयात त्याला सगळे पाणसळ म्हणत. भिंतीवर चित्र टांगायचं, कलणाऱ्या मडक्याला बुडाखाली टेकू द्यायचा, मण्यांच्या माळेखाली मखमल ताणायची, ही त्याची कामं. एखादी चौकट केसभर जरी तिरपी झाली तरी हा ती उतरवून पुन्हा लावायचा. वरच्या खिशात कायम पाणसळ, म्हणजे सरळ-तिरपं दाखवणारी ती बुडबुड्याची नळी. चष्मा विसरेल, पण नळी नाही. "मला पसंत करायच्या आधी ह्यांनी माझ्या खांद्यांना नळी लावून पाहिली असणार," असं त्याची बायको चारचौघांत सांगायची, आणि तो लाजून दुसरीकडे बघायचा. तसा माणूस सरळ. देवाने जे दिलं ते हात जोडून घेतलं, जे नाही दिलं त्यासाठी कधी देवाशी भांडला नाही. एक मागणं मात्र त्याच्या मनात लहानपणापासून होतं, आणि तेही स्वतःचं नव्हतं. आईचं होतं.

झालं असं, की त्या वर्षी संग्रहालयाने एका जुन्या मोहिमेचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं. शहराबाहेर जे टेकाड आहे, त्यात पहिल्यांदा ज्यांनी कुदळ घातली त्यांची मोहीम. तळघरात त्यांच्या पेट्या पडून होत्या. आत नकाशे, रोजच्या नोंदी, काचेवर घेतलेले फोटो. आणि मातीतून निघालेलं सामान. रांजण, हाडाच्या सुया, मणी, थोबाड तुटलेलं एक मातीचं खेळण्यातलं जनावर. हजारो वर्षं मातीत झोपलं होतं बिचारं, आणि वर आल्यावर पुन्हा पेटीत झोपलं.

त्या टेकाडावर पाणसळच्या आईचे वडील कामाला होते. तिथेच, खणलेल्या खड्ड्याची भिंत अंगावर येऊन ते गेले. आई तेव्हा पाच-सहा वर्षांची. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. फोटो काढून घ्यावा अशी ऐपतही नव्हती आणि तशी रीतही नव्हती. आईला सगळं आठवायचं. टेकाडाची वाट आठवायची, दुपारचा जेवणाचा डबा घेऊन आपण एकटीच कशा जायचो ते आठवायचं, बाबांच्या अंगाला येणारा ओल्या मातीचा वास आठवायचा. त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं तुटलेलं होतं. तेच बोट धरून ती चालायची, ते तर आजही तिच्या मुठीत होतं. चेहरा तेवढा आठवत नव्हता.

"मी केवढीशी, ते केवढे उंच," ती म्हणायची. "माझ्या वाट्याला हात आला रे. वरचं राहूनच गेलं."

आता तिचा एक डोळा गेला होता आणि दुसरा जायच्या वाटेवर होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आजी, जे बघायचं ते बघून घ्या. ती हसून म्हणाली होती, "जे बघायचंय ते तुमच्याकडे नाही हो."

तेव्हा पेट्या उघडल्याचं कळल्यावर आईच्या जिवाचं काय झालं असेल? ती रोज संध्याकाळी दाराशी त्याची वाट बघत बसू लागली. चपला काढतो न काढतो तोच प्रश्न. "सापडले?"

सापडले, तसे पहिल्याच आठवड्यात सापडले. प्रदर्शनाचं सगळं ज्यांच्याकडे होतं त्या मॅडमनी टेबलावर फोटो पसरले. खड्ड्याच्या तोंडाशी, भिंतीला लागून, रांजणाच्या शेजारी, जवळपास प्रत्येक फोटोत एकच उंच माणूस उभा. हातात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी. आणि काठी धरलेल्या डाव्या हाताचं मधलं बोट अर्धं.

पाणसळ टेबलावर वाकला. पण एकेक फोटो उचलून बघावा, तर पाठ. दुसरा उचलावा, पाठ. मान, खांदे, सदऱ्यावर घामाचा डाग, पुन्हा पाठ.

"हा मापाचा माणूस," मॅडम म्हणाल्या. "भिंत किती उंच, खड्डा किती खोल, हे फोटोत कळावं म्हणून माणूस उभा करायचे. पण चेहरा दिसला की बघणारा चेहराच बघत बसतो, भिंत बघत नाही. म्हणून मोहिमेच्या साहेबांचा नियम होता, मापाच्या माणसाने पाठ करूनच उभं राहायचं."

"एकाही फोटोत वळले नाहीत?"

"नोकरी होती ना, पाणसळ. कसे वळतील?"

मॅडमना त्याची कथा ठाऊक होती. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या पेटीकडे वळल्या. बाई मनाने चांगली. मग दोन-तीन दिवसांनी त्यांनीच त्याला हाक मारली. टाकून दिलेल्या फोटोंचं एक वेगळं पाकीट निघालं होतं. त्यातल्या एका पुठ्ठ्यावर तळहाताएवढा फोटो डकवलेला, कडेला काळ्या कागदाची पट्टी, आणि खाली साहेबांच्या हातचा शेरा: "खराब. माप हललं."

फोटोत तोच माणूस, तीच काठी. पण मान मागे वळलेली. चेहरा मोहरीएवढा, पण चेहरा! पाणसळने भिंग लावलं. भिंगाखाली नीट दिसेना, म्हणून भिंग काढलं. नुसत्या डोळ्यांना डोळे दिसले, मिशी दिसली, आणि मिशीखाली हसल्यासारखं काहीतरी. त्याला वाटलं, नाक तर अगदी आईचंच.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं ज्याला वाटलं त्याला कोण थांबवणार? त्याने त्या संध्याकाळी दारातच आईचे दोन्ही हात धरले. "आई, बाबांचा चेहरा सापडला."

आई खाली बसली. मग म्हणाली, "आणलास?"

"आणता येत नाही तो घरी. आणि आणून काय करशील, एवढासा आहे, तुला दिसायचा नाही. मी मोठा करून घेतो. माणसाएवढा! उंबऱ्यात येऊन उभे राहिल्यासारखे दिसतील बघ."

बायकोने आतून ऐकलं होतं. आई झोपायला गेल्यावर ती म्हणाली, "अहो, म्हैस अजून पाण्यात आहे, आणि तुम्ही इथे दूध वाटून मोकळे झालात."

"स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय मी."

"मोहरीएवढा ना?"

"मोहरीत झाड असतं," तो म्हणाला. बायकोने भांडी आवरायला घेतली, पण तिचा चेहरा काही फुलला नाही.

मॅडमनी आधी सावध केलं होतं, खोटं कशाला बोला. "पाणसळ, हा फोटो त्यांनी उगाच नाही टाकला. त्या काळी कॅमेऱ्यापुढचं झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे, मग झाकण लावायचं. तेवढ्यात जे स्थिर राहिलं ते उमटलं. जे हललं त्याचं काही सांगता येत नाही. लहान आहे तोवर ठीक दिसतं."

"आईला लहान दिसत नाही, मॅडम."

हे मॅडमना पटलं. शिवाय दालनाच्या शेवटच्या भिंतीसाठी त्यांना एक मोठं चित्र हवंच होतं. मोहीम म्हणजे नुसते साहेब आणि नकाशे नव्हेत, कुणीतरी मातीत उभं होतं, हे त्यांनाही दाखवायचं होतं. त्या हो म्हणाल्या.

चित्र मोठं करून छापणारा फोटोवाला मोठा बोलघेवडा. ज्या काचेवर मूळ फोटो घेतला होता ती काच घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "दुरून डोंगर साजरे, दादा. जवळ गेलात की दगडधोंडे."

"तू छाप. बडबड नको."

"छापतो की. माझं काय जातंय?"

मधल्या दिवसांत पाणसळ जणू तरंगत होता. रांजण मांडला, सुया मांडल्या. एका खापराच्या तुकड्यावर, ओल्या मातीवर कुणा कुंभाराचा अंगठा टेकला होता, त्याच्या रेषासुद्धा जशाच्या तशा होत्या. तो तुकडा त्याने असा तिरपा बसवला की दिव्याच्या उजेडात अंगठा उठून दिसावा. ती एक वस्तू त्याने आयुष्यात मुद्दाम तिरपी लावली. घरी आई नवा चष्मा करून आली. बायकोने कपाटातले तिचे चांगले कपडे काढून ठेवले. एकदा आईने त्याला विचारलं, "बघितल्यावर मी रडले तर लोक हसतील का रे?" तो म्हणाला, "लोक नसतीलच. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नेतो तुला. तू आणि बाबा, दोघंच."

मग ती मोठी गुंडाळी आली. फोटोवाल्याने आणि त्याने मिळून ती भिंतीवर वरून खाली सोडली. खालची पट्टी जमिनीला टेकली, आणि पाणसळ मागे सरकून बघू लागला.

पाय स्पष्ट होते. घोट्यापर्यंत चिखल, टाचांच्या भेगासुद्धा मोजून घ्याव्यात. काठीच्या पट्ट्या स्पष्ट. अर्धं बोट इतकं स्पष्ट की पेरावरची सुरकुती दिसत होती. सदऱ्याच्या खांद्याशी एक उसवलेली शिवण होती, तीही स्पष्ट. आणि शिवणीच्या वर काहीच नाही. पाटीवर ओल्या बोटाने पुसावं तसा एक फिकट पट्टा, डावीकडून उजवीकडे ओढलेला. डोळे नाहीत, मिशी नाही. मोहरीतलं झाड मोहरीतच राहिलं. लहानशा फोटोत आपल्याच डोळ्यांनी चेहरा काढून घेतला होता.

दुसऱ्या टोकाला मात्र एक मुलगी उभी होती. फोटोवर जिथे काळी पट्टी डकवलेली होती, ती तिथेच लपलेली होती. काचेवरून छापल्यावर बाहेर आली. सहा वर्षांची असेल. हातात फडक्यात बांधलेला डबा. खांबासारखी ताठ उभी. तिची एक पापणीही हललेली नव्हती.

फोटोवाला हळूच म्हणाला, "दादा, ऐका. कॉम्प्युटरवर एखादा चेहरा बसवून देतो. त्या काळातलाच, शोभेल असा. आजींना काय कळणार आहे?"

"नाही कळणार."

"मग?"

"म्हणूनच नको."

पण हे बोलायला त्याला किती वेळ लागला, ते फोटोवाल्याने पाहिलं होतं.

घरी येऊन त्याने तोंड उघडायचा प्रयत्न केला. आई पलंगावर बसून नव्या चष्म्याच्या काचा पुसत होती. म्हणाली, "उद्या ना?" तो म्हणाला, "उद्या." दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे कुणी दिलं आणि कुणी नेलं हे त्याला कळेना. त्याने देवाचं नाव घेतलं, पण पुढे मागायचं काय ते सुचेना, तेव्हा नुसतंच नाव घेऊन तो आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी दालन रिकामं होतं. मॅडम दाराशी उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. आई त्याचा हात धरून काचेच्या कपाटांमधून चालत गेली. रांजण, सुया, थोबाड तुटलेलं जनावर, कशाकडे तिचं लक्ष नव्हतं. शेवटच्या भिंतीपाशी तिने त्याचा हात सोडला.

ती अगदी जवळ गेली. नाक टेकेल इतकी. तिला तसंच दिसायचं. वाकून पायांपासून सुरुवात केली.

"हे बघ, चिखल. घरी आले की माझी आजी ओरडायची, पाय धुऊन ये म्हणून." मग काठी. मग हात. तिथे ती थांबली. तिने ते अर्धं बोट बघितलं, आणि आपल्या मुठीत घेतल्यासारखं त्यावर हात ठेवला. तिचे खांदे हलू लागले. पाणसळ मागे उभा. देवा, हिला इथेच थांबव, एवढंच त्याच्या मनात.

ती कुठली थांबते. सदरा, शिवण, मान. टाचा उंच करून तिने वर पाहिलं. पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मेला हा डोळा," ती म्हणाली. "नेमकं आत्ताच धुकं आलं बघ. खालचं सगळं दिसलं आणि इथेच..." ती मागे वळली. "बरं, मला नाही दिसत तर नाही. तू सांग. कसे दिसतात? नाक कसं आहे?"

एक शब्द पुरे होता. सरळ आहे नाक, तुझ्यासारखं, असं म्हटलं असतं तर म्हातारी तृप्त होऊन घरी गेली असती. आणि तोही निघाला होता म्हणायला. "नाक..." एवढं तो म्हणालाही. मग त्याच्या तोंडून पुढचं निघेना.

"आई, डोळा नाही तुझा. चेहराच नाही."

"नाही म्हणजे?"

"ते हलले. फोटो चालू असताना वळले. जे हललं ते पुसलं जातं."

"वळले? पाठ करून उभं राहायचं ना त्यांना? तूच म्हणालास."

"हो."

"मग कशाला वळले?"

त्याने तिला दंडाला धरून चित्राच्या दुसऱ्या टोकाशी नेलं. तिने पुन्हा नाक टेकवून बघायला सुरुवात केली. "ही कोण? किती छान दिसते. डोळे बघ, जसे काही बोलतील." मग तिचं लक्ष डब्याकडे गेलं. फडक्याला वर दोन गाठी. एक गाठ आणि तिच्यावर आणखी एक, डबा सांडू नये म्हणून तिच्या आईने मारलेली. तिने त्या गाठींवरून बोट फिरवलं.

"मी हाक मारली होती," ती म्हणाली. "एकदा खूप ऊन होतं. पाय भाजत होते. मी लांबूनच बाबा म्हणून हाक मारली. सगळे ओरडले माझ्यावर, हलू नको, हलू नको. मग मी घाबरून उभीच राहिले." मग म्हणाली, "तो दिवस होय हा."

"आई, तू लहान होतीस. तुझा काय दोष?"

"दोष कोण म्हणतंय?" ती त्याच्यावर खेकसलीच. आयुष्यात कधी खेकसली नव्हती. मग आवाज खाली आला. "वळले ते माझ्याकडेच ना?"

"तुझ्याकडेच."

"मी समोर उभी होते. डोळे उघडे आहेत माझे, बघ. म्हणजे मी पाहिलाय तो चेहरा. त्या यंत्राला नाही दिसला, साहेबाला नाही दिसला. मला एकटीला दिसला." तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरली. "मग कुठे ठेवला रे मी? एवढं सगळं ठेवलं, वाट ठेवली, चिखल ठेवला, बोट ठेवलं. तेवढाच कसा हरवला?"

लेकाने बाही धरलेला तिचा हात आपल्या हातात घेतला. मॅडम दाराशी नव्हत्या. त्या कधी निघून गेल्या, ते दोघांनाही कळलं नाही.

प्रदर्शन गाजलं. लोक रांजण बघत, मणी बघत, कुंभाराच्या अंगठ्यापाशी थांबून आपला अंगठा काचेला लावून बघत. शेवटच्या भिंतीशी आलेली पोरं ओरडत, "भूत! बिनचेहऱ्याचं भूत!" आणि आयाबाया म्हणत, "पण ती मुलगी काय गोड आहे गं." मॅडमनी शेवटी त्या मुलीचंच चित्र दारावरच्या फलकासाठी घेतलं. त्यांनी विचारलं होतं पाणसळला. तो म्हणाला, घ्या. चित्राखालच्या पट्टीवर काय लिहायचं तेही विचारलं. तो म्हणाला, "जे आहे ते लिहा. मापाचा माणूस आणि त्याची मुलगी." पट्टी त्याने स्वतः लावली. नळी लावून, बुडबुडा मधोमध येईपर्यंत.

आई पुन्हा दालनात गेली नाही. दारात वाट बघणंही तिने सोडलं. दुसरा डोळाही महिन्याभरात गेला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं झालं. मध्ये मध्ये येत होता."

पाणसळ दुपारचा जेवायला घरी यायचा. असाच एकदा आला तर बायको स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर बोट ठेवून उभी. पुढच्या खोलीत आई खुर्चीवर ताठ बसली होती. पाय जुळवलेले, डोळे मिटलेले, आणि उजवी मूठ छातीपाशी, त्या मुठीत काहीतरी लोंबत असल्यासारखी आवळलेली.

"बाबा," तिने हाक मारली. लांबच्या माणसाला मारतात तशी, पण बारीक आवाजात.

मग ती थांबली. एखाद्याने काठी न सोडता नुसती मान वळवावी, तेवढा वेळ थांबली. तिच्या मिटल्या पापण्यांखाली काहीतरी शोधत होतं. शोधून झालं. मान खाली गेली.

"सकाळपासून हेच चाललंय," बायको कुजबुजली. "काल पण. परवा पण. अहो, आत या, निवतंय सगळं."

पण तो दारातून आत आला नाही. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, तसाच उभा राहिला, श्वास धरून.

आईने मान पुन्हा वर केली, मूठ सावरली.

"बाबा!"